आंबागडला नेलेला ऑर्गन आणि दादाचा तबला

आंबागडचा किल्ला चढायचा असेल तर हिवाळ्यात जा. आम्ही मे महिन्यात गेलो, तेही ऑर्गन घेऊन.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही लाखनीला राहायचो. आमचे हे पायाने भाता मारायचा ऑर्गन वाजवत, माझा थोरला भाऊ तबला, आणि मी गायची. दोघांचं फारसं पटत नसे. पण किल्ल्याखालच्या आंबागड गावातल्या एका लग्नात गाण्यासाठी बोलावणं आलं ते तिघांना, म्हणून निघालो.

भंडाऱ्यापर्यंत ट्रक, पुढे एसटीच्या टपावर ऑर्गन चढवून तुमसर. स्टँडवरचा आलुबोंडा इतका तिखट, की दादाने तिथला अर्धा माठ रिकामा केला. मग चिखल्याच्या मँगनीज खाणीकडे रिकामा परतणारा ट्रक मिळाला. त्याने फाट्यावर उतरवलं आणि उरलेला रस्ता बैलबंडीने. आता तुमसरहून बरी सोय आहे, घाबरू नका.

दुपारी वऱ्हाड्यांसाठी गाणं ठरलं. झळा नकोत म्हणून खोलीची दारं-खिडक्या बंद. पहिलंच गाणं अर्ध्यावर आलं आणि तबल्याचा सूर उतरला. दादाने हातोडीने चढवला, पुन्हा उतरला. तिसऱ्यांदा हे म्हणाले की तबल्यावरची शाई जुनी झाली असेल, नाहीतर कान. दादा तबला गवसणीत घालायला लागला. भर लग्नघरात!

तेवढ्यात पायाला गार वारा लागला. ऑर्गनच्या मागून येत होता. मी मागची फळी सरकवली, तर आत पाण्याने भरलेलं मातीचं परळ आणि ओला टॉवेल. उन्हाने लाकूड तडकू नये म्हणून यांनी ठेवलेला. भाता हलला की सगळी ओल दादाच्या तबल्यावर, आणि त्याचं कातडं सैल.

"जवाईबापू, मले काहून नाही सांगतलं तुम्ही?" दादाने विचारलं.

यांनी परळ उचलून बाहेर ठेवलं, टॉवेलही. तबला सुरात आला, गाणं रंगलं. मग ऑर्गनच्या मागे बसलेल्या एका आजीबाईंनी विचारलं, "काहून जी, हवा बंद केली?" वऱ्हाडातली म्हातारी मंडळी तिथे का दाटीने बसली होती, ते तेव्हा कळलं. गाणं थोडं कमी चालेल, पण तो कपडा ठेवा, असा त्यांचा आग्रह.

"नाही ठेवत," हे म्हणाले. "आमच्या दादाचा तबला उतरते."

दादाने मान खाली घालून ठेका धरला.

लाखनीला परतलो आणि उन्हाळा संपायच्या आत ऑर्गनची फळी तडकलीच. आम्ही दादाला कळवलं नव्हतं. त्याने येऊन स्वतःच पाहिलं. दुसऱ्या दिवशी सरस आणि लाकडाचा भुसा घेऊन आला, तडा बुजवला. सरस धरेपर्यंत फळी दोन्हीकडून दाबून ठेवायची होती. एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला हे. त्या दोघांना न भांडता इतका वेळ समोरासमोर बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी चहा आणला, तर प्यायला दोघांचाही हात मोकळा नव्हता.