एकाच केबलमध्ये दोन्ही

कॉलिन हॅव्हर्टीने, आमच्या कॉलने, गावात चाळीस वर्षं छपरांवर अँटेना बसवल्या. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र फक्त डिश होती. डिशवर शहराच्या बातम्या दिसायच्या. आमच्या जिल्ह्याच्या बातम्या टेकडीवरच्या टॉवरवरून येत आणि त्यांना अँटेना लागे. "थेल्मा, पुढच्या आठवड्यात लावतो," हे त्याचं वाक्य मी शेजारून किती वर्षं ऐकलं, त्याला गणती नाही.

थेल्माने, त्याच्या बायकोने, एकतीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलं होतं. जूनमधल्या एका शुक्रवारी ती शाळा कायमची बंद व्हायची होती. समारंभ दुपारी दोनला होता. आजारी थेल्मा तिथे चाकाच्या खुर्चीतून जाणार होती, पण सकाळी नर्सने तिची छाती तपासली आणि बिछान्यातून उठायचं नाही म्हणून बजावलं.

"सहाच्या बातम्यांत दाखवतील," थेल्मा म्हणाली. "तेवढं तरी बघू दे मला."

खोलीची भिंत दगडी, तिच्यात केबलपुरतं एकच भोक. दुसरं पाडलं तर धुळीने थेल्माला खोकला लागला असता. म्हणून अँटेना आणि डिश, दोन्हींचे सिग्नल एका केबलमध्ये घालणारी छोटी डबी छपराखाली बसवायची आणि टीव्हीपाशी तशाच दुसऱ्या डबीने ते वेगळे करायचे, असं कॉलने ठरवलं. वय चौऱ्याहत्तर, त्यात कंबर दुखरी. मी शिडी धरली.

"घट्ट धर रे आयव्हर! पडलो तर थेल्मा तुलाच रागावेल."

"आधी पड तर खरा," मी म्हणालो.

तो वर असतानाच शाळेकडे गाड्या गेल्या आणि परतही आल्या. सहाला पाच कमी असताना तो खाली उतरला. टीव्ही लावला. डिशचं चित्र स्वच्छ आलं. जिल्ह्याच्या चॅनेलवर मात्र चौकोनी तुकडे, आवाजही तुटका. शाळेचं फाटक क्षणभर दिसलं आणि फुटलं.

कॉलने कपाळावर हात मारला. आमच्या गावात सिग्नल कमजोर, त्यामुळे अँटेनाला बूस्टर लागतोच. त्याची वीज टीव्हीपासून केबलमधूनच वर जाते. पण त्या डबीतून वीज फक्त डिशकडे जाते, अँटेनाकडे नाही. बूस्टरचा प्लग टीव्हीपाशी नाही, डबीच्या पलीकडे, छपराखाली लावायला हवा होता. हे त्याने कितीतरी जणांना शिकवलं होतं. तो पुन्हा शिडीकडे निघाला.

"कॉल, बस इथे," थेल्मा म्हणाली. "तूच सांग. शेवटची घंटा कोणी वाजवली?"

तो माझ्याकडे बघू लागला. मी जमिनीकडे.

"तू गेलाच नाहीस?"

"तुझ्यासाठी वर होतो ना गं."

"अरे, मी जाऊ शकत नव्हते. तू तर जाऊ शकत होतास." ती रागावली नाही. आवाज बारीक झाला, एवढंच.

शनिवारी सकाळी कॉलने प्लग छपराखाली हलवला आणि तडक बेकरीत जाऊन चौकशी केली. घंटा सर्वांत लहान मुलीने, टिली ग्रोगनने वाजवली होती. घरी येऊन त्याने सांगितलं.

"ग्रोगनांची? तिची आजी माझ्याच हाताखाली शिकली. सुट्टीची घंटा पाच मिनिटं आधीच बडवायची बया!" थेल्मा हसली आणि बराच वेळ खोकत राहिली. नंतर म्हणाली, "अजून काय झालं, विचारून ये."

रविवारी कॉल दिवसभर घरोघर फिरून लिहून घेत राहिला; परतला तेव्हा थेल्मा झोपली होती. सोमवारी पहाटे थेल्मा गेली. त्याच्या खिशात दोन कागद भरून मजकूर होता. तिला वाचून दाखवायचा राहिलेला.