डावीकडे उभी असलेली आई

फसवणूक झाली माझ्या वडिलांची, यंदाच्या पाडव्याला सकाळी अकराला, नगरच्या ऑडिओच्या दुकानात. आमच्या घरातल्या एकुलत्या एक ग्रामोफोन रेकॉर्डवर कोरसमध्ये डावीकडून आई गाते. आई आता नाही. कोण कुठून गातंय ते कळेल अशी सुई, म्हणजे कार्ट्रिज, लग्नाच्या मंडपांत रेकॉर्ड वाजवणाऱ्या वडिलांना हवी होती.

"काका, तुमी मंडपवाले. ही डीजेची घ्या, लई दणका हाय," दुकानदार हसला. मोर्च्यात ओरडणारा मी तिथे पैसे मोजून मोकळा झालो.

घरी ती लावली, तर सगळे आवाज मधोमध गोळा झाले. सुई उडू नये म्हणून वडिलांनी मंडपातल्या सवयीने तिच्यावर रुपयाचं नाणं ठेवलं. चौथ्यांदा रेकॉर्ड वाजवली तेव्हा त्या वजनाने घासून आईचा आवाज खरखरला. आता ते रेकॉर्ड लावतच नाहीत.

तुम्ही सुया विकता ना? मग आधी गिऱ्हाईकाला विचारा, त्याला कोणाचा आवाज ऐकायचाय.