पहिल्या गिअरमध्ये थांबलेली गाडी

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातला एक तपास अजून मनातून जात नाही. गुन्हा मोठा नव्हता. रक्त सांडले नाही, वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या नाहीत. चूक मात्र माझी होती.

रविवारी सकाळी लकडगंज भागातल्या एका गॅरेजचे मालक ठाण्यात आले. मोटार रॅलीसाठी बांधलेली त्यांची गाडी पहाटे कोणीतरी काढून नेली होती. कुलूप शाबूत होते. किल्ल्या तिघांकडे असत : स्वतः मालक, शर्यतीत गाडी चालवणारा ड्रायव्हर आणि ती बांधणारा मेकॅनिक. गाडी परराज्यात विकली गेली होती, सोमवारी ती ट्रेलरवर चढणार होती. त्यावरून शनिवारी मालकांची आणि ड्रायव्हरची चांगलीच बाचाबाची झाली होती.

"आणि मेकॅनिक?" मी विचारले.

"त्याचा डावा पाय पोलिओने गेलेला आहे, साहेब. तो क्लच कसा दाबणार?"

मी वहीतले मेकॅनिकचे नाव खोडले. दुपारी ड्रायव्हरला चौकशीसाठी आणले. तो एकच सांगत राहिला, "भांडलो, हे खरं आहे. गाडी नेली नाही." मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

तीनच्या सुमारास शहराबाहेरून, मौदा गावाच्या अलीकडून एका शेतकऱ्याचा फोन आला. त्याच्या शेताच्या बांधाला एक विचित्र लाल गाडी सकाळपासून उभी होती. आम्ही जाऊन पंचनामा केला. गाडीवर ओरखडासुद्धा नव्हता, दारे नीट लावलेली होती. बॅटरी पार उतरलेली. चौघांनी ढकलली तरी गाडी हलेना, शेवटी क्रेनने उचलून ठाण्याच्या आवारात आणावी लागली.

सोमवारी सकाळी गाडी मोकळी करायला मी त्याच मेकॅनिकला बोलावले. चाळिशी ओलांडलेला, शांत माणूस. काठी दाराला टेकवून तो आत बसला, गिअरचा उभा दांडा एकदाच पुढे ढकलला आणि गाडी सैल झाली.

"पहिल्या गिअरमध्ये होती," तो म्हणाला.

हा गिअर चालतो कसा, ते मी त्याला विचारले. तो खुलला. "साध्या गाडीत पाचव्यातून थेट दुसऱ्यात जाता येते, साहेब. इथं नाही. मोटरसायकलसारखं, एक-एक पायरी. दांडा मागं ओढला का वरचा गिअर, पुढं ढकलला का खालचा. आत खाचा पाडलेला एक ड्रम आहे. दर खेपेला तो एकच घर फिरते अन् पुढच्या गिअरले जागेवर ढकलते. गिअरचे दात मोठे, चौकोनी असतात. पटकन पकडतात. म्हणून शर्यतीत वेळ वाचते."

"आणि क्लच?"

"उभी गाडी काढाले लागते. एकदा चालू लागली का ॲक्सिलेटरवरून पाय जरासा उचलाचा अन् दांडा ओढाचा. क्लचची गरज नाही."

माझे लक्ष काठीकडे गेले. "समजा, उभी गाडी काढतानाही एखाद्याला क्लच दाबता येत नसेल तर?"

काठी घेऊन तो गाडीतून उतरू लागला. तेवढ्यात त्याला खिडकीतून ठाण्यातल्या बाकावर बसलेला ड्रायव्हर दिसला.

"हा इथं काहून बसला आहे?"

"काल दुपारपासून आहे."

त्याचा चेहरा उतरला. "मले माहीत नव्हतं, साहेब. याले सोडा. इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकाचा अन् स्टार्टर माराचा. गाडी उडी मारून निघते, पण सारा भार बॅटरीवर येते. मी चार वेळा मारला. चौथ्या वेळी बकऱ्या आडव्या आल्या म्हणून थांबलो होतो. मंग निघालीच नाही."

"नेली कशाला?"

"आठ महिने मी तिचा गिअरबॉक्स जुळवून राहिलो होतो. आज ती जाणार. एकदा तरी आपल्या हातानं चालवून पाहावं वाटलं. परत आणून ठेवणार होतो. पण ती बंद पडली. दुसरी बॅटरी न्याले परत आलो, तं गॅरेजसमोर तुमची जीप पाहिली अन् भ्यालो."

मी ड्रायव्हरला सोडले आणि त्याची माफी मागितली. जाताना तो मेकॅनिकपाशी थांबला. मला वाटले, भांडेल. तो एवढेच म्हणाला, "भाऊ, चौथ्या गिअरले अटकते का अजून?"

"नाही," मेकॅनिक म्हणाला. "लोण्यासारखा पडते."

मालकांचा राग संध्याकाळपर्यंत उतरला. चोरीचा हेतू नव्हता, असा जबाब त्यांनी दिला आणि तक्रार गैरसमजातून झाली, असा 'क' समरीचा अहवाल पाठवून मी न्यायालयाला प्रकरण बंद करण्याची विनंती केली.

जबाबावर सही करून निघताना मेकॅनिकने मला विचारले, "साहेब, किल्ली माझ्यापाशीही होती. पहिल्या दिवशी मले काहून नाही बोलावलं?"

एवढ्या वर्षांच्या नोकरीत संशयिताला काय करता येते, हे मी नेहमी तपासून पाहिले. त्याला काय करता येत नाही, हे मात्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकले आणि खरे धरले. मेकॅनिकच्या पायाबद्दल ऐकून मला दया आली होती, आणि त्या दयेपायी एक निरपराध माणूस रात्रभर बाकावर बसून राहिला. नवीन अधिकारी कधी भेटायला येतात तेव्हा मी त्यांना सांगतो, कोणाचेही नाव खोडण्याआधी त्या माणसाशी एकदा बोला.