डब्यात ठेवलेला हत्तीचा कान

फौजेतून निवृत्त झाल्यावर जयपूर सोडणं आमच्या जिवावर आलं, म्हणून आम्ही इथेच राहिलो. लेक गुडगावला असते. मोटारीने पाच तास, पण नोकरी, मोठीची शाळा आणि धाकट्याची सर्दी यांतून ते पाच तास तिला काही सापडत नाहीत. आम्ही जावं, तर तिथे मला लिफ्टची वाट बघण्यापलीकडे काम नसतं. दोन दिवसांत मी चिडचिडा होतो असं बायको म्हणते, आणि ती कमीच सांगते.

म्हणून मी बारीक पात्याची, विजेवर चालणारी करवत घेतली आणि गॅलरीत मांडली. शहराबाहेर चौमूं गावाच्या रस्त्यावर फर्निचरचा एक कारखाना आहे, तिथे शिसवीचे उरलेसुरले तुकडे मिळतात. त्यावर प्राणी काढायचा, पात्याखाली लाकूड हळूहळू फिरवत नागमोडी भाग पाडायचे, कडा घासायच्या आणि तेलाचा हात द्यायचा. नातीला पाठवलेलं पहिलं पझल उंटाचं होतं.

त्या उंटाचा एक पाय भुशात पडला आणि माझ्या लक्षातच आलं नाही. पार्सल गेल्यावर गॅलरी झाडताना सापडला. नातीचा फोन आलाच, आजोबा, उंट लंगडा आहे. मी म्हटलं, पाय माझ्यापाशी आहे, येऊन घेऊन जा. दिवाळीच्या सुट्टीत ती आली ती बूटसुद्धा न काढता, आजीला ओलांडून, हात पुढे करून थेट माझ्याकडे धावत. त्या धावण्याची मला चटक लागली. पुढच्या सगळ्याला एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही.

त्यानंतर हत्ती केला आणि त्याचा कान मुद्दाम मागे ठेवला. मग मोराचा तुरा, मग माकडाची शेपटी. चहाच्या रिकाम्या डब्यात हे सगळं ठेवून मी फोनची वाट बघत बसायचो. बायकोने एकदा डबा उघडून पाहिला आणि पोरीशी कसले डाव खेळता, म्हणून मला झापलं. गंमत आहे, तुला नाही कळायची, असं मी तिला ऐकवलं.

फोन यायचे, पण तुकड्याचं कुणी नावही काढायचं नाही. हत्ती छान आहे, थँक्यू आजोबा, संपलं. म्हणजे पार्सल उघडून नीट जोडायलाही यांना वेळ नाही, असं मी धरून चाललो. दोन दिवस धुसफुसलो आणि पुढच्या खेपेला आणखी मोठा तुकडा काढून ठेवला.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत लेक दोन्ही मुलांना घेऊन आली. सगळी पझल्स घेऊन ये, असं मी नातीला आधीच बजावलं होतं. दुपारी कूलरसमोर फरशीवर आम्ही दोघं बसलो. डबा मी पाठीमागे लपवला होता आणि माझा आनंद पोटात मावत नव्हता. तिने मला डोळे मिटायला लावले. उघडले तर समोर अख्खा हत्ती होता, कानासकट.

कान पुठ्ठ्याचा होता. बुटांच्या खोक्याचा असावा. त्यावर तपकिरी खडू घासला होता आणि काळ्या पेन्सिलीने लाकडाच्या रेघा काढल्या होत्या, शेजारच्या तुकड्यावर जातात त्याच दिशेने. कुठे फट म्हणून नव्हती. हातात करवत धरल्यापासून इतकं नेटकं काम मला एकदाही जमलेलं नाही. मी वाकून बघायला लागलो तशी तिने त्यावर तळहात ठेवला.

"सॉरी आजोबा, माझ्याकडून हरवला," ती म्हणाली. "मतलब, सगळ्यांतला एक-एक हरवला. आई म्हणाली, आजोबांना कळू द्यायचं नाही, ते इतकी मेहनत करतात, त्यांना वाईट वाटेल."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पलंग सरकवून शोधलं होतं, केराच्या पिशव्या उपसल्या होत्या. तुकडा धाकट्याच्या तोंडात गेला असता तर, म्हणून आईने फैलावर घेतलं होतं. पझल्स कपाटावर गेली होती आणि फक्त रविवारी, आईसमोर, खाली यायची. तेव्हा तिने मोराचा तुरा आणि माकडाची शेपटीही पुठ्ठ्याची करून बसवली होती.

 माझ्या मनात पहिला विचार आला तो डबा दिवाणाखाली सरकवून द्यायचा. असू दे गं, मी नवे करून देतो, असं म्हटलं असतं तर वर माझंच कौतुक झालं असतं. शब्द ओठांवर आले होते. पण तिचा हात त्या पुठ्ठ्यावरून हलत नव्हता. मी डबा पुढे ठेवला.

तिने एकेक तुकडा उचलून बघितला. खरा कान हातात धरला, जोडला मात्र नाही.

"म्हणजे मी हरवलेच नव्हते?"

"नाही."

"मग आईला सांगा."

स्वयंपाकघरात लेक पोळ्या लाटत होती. मी उंबऱ्यातच उभा राहून सांगितलं. तिने लाटणं थांबवलं.

"त्या कानासाठी मी तिला मारलं होतं, बाबा," ती म्हणाली.

बायकोने गॅस बारीक केला. एरवी माझी चूक सापडली की ती सोडत नाही.  त्या दिवशी मला बोलणी खायची होती, तीही मिळाली नाहीत.

उरलेल्या दिवसांत मी नीलगाईचं पझल केलं. गॅलरीत भुसा चाळून चाळून बघितला. निघायच्या सकाळी ते कापडी थैलीत घालून नातीला दिलं. तिने पायरीवर बसून नीलगाय पूर्ण जोडली, परत मोडली आणि थैलीत भरली. वागायला ती नेहमीसारखीच होती, माझ्या गळ्यातही पडली. पुठ्ठ्याचे तुकडे मात्र तिने आत फरशीवरच टाकून दिले होते. ते मी डब्यात ठेवले आहेत.

"सगळे आहेत ना, आजोबा?" तिने विचारलं.

"सगळे आहेत," मी म्हटलं.

लेकीने गाडीतून हाक मारली. नात उठली, दोन पावलं गेली, पुन्हा खाली बसली आणि थैली उघडून एकेक तुकडा मोजू लागली.