आगीत घालायचा कोट

आमच्या लॅबमधून जो रिपोर्ट बाहेर जातो ना, त्यात फक्त आकडे असतात. कापड किती सेकंदांनी पेटलं, शिवण किती जोराने उसवली, आतला थर किती तापला. संपलं! पण त्या प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी काहीतरी बोललेलं असतं, कोणी रुसलेलं असतं, कोणी हसता हसता खुर्चीवरून घसरलेलं असतं. ते रिपोर्टात लिहायची सोय नाही. मग ते साठतं. जिन्यात, चहाच्या वेळी, सांवेर रोडवरून घरी येताना सिग्नलला. आता इतकं साठलंय की मी घरी सांगायला लागले की नवरा म्हणतो, "तुम लोग वहां काम भी करते हो क्या?"

करतो हो! मी टेक्स्टाइल इंजिनिअर. आग विझवणाऱ्या लोकांचे कोट, पँट, हातमोजे, बूट कसे असावेत याचं स्टँडर्ड लिहायला एक समिती बसली आणि टेस्टिंगचं काम आमच्याकडे आलं. समितीचे अध्यक्ष आमचेच लॅबप्रमुख, खेर सर. इंदुरात राहून एकही हिंदी शब्द न मिसळता मराठी बोलणारा बहुधा हा शेवटचा माणूस. आणि फायर ब्रिगेडच्या बाजूने यादवजी. रिटायर्ड ऑफिसर, अख्खी नोकरी आगीत काढलेली. मला सगळं पुस्तकातून माहीत होतं, त्यांना सगळं अंगावरून. त्यामुळे मी प्रश्न विचारायचे आणि ते उत्तर द्यायच्या आधी एकदा हसायचे.

*

सुरुवात हातमोज्यांपासून झाली. बोटं किती मोकळी हलतात हे तपासायची एक टेस्ट असते. जाड हातमोजा घालून टेबलावरच्या लोखंडी सळया उचलायच्या. जितकी बारीक सळई उचलता येईल तितके मार्क जास्त. यादवजी बराच वेळ बघत राहिले.

"मॅडम, एक बात पूछूं? आग में ये कील कौन उठाता है?"

"मग तुम्ही काय उचलता?"

त्यांनी जरा विचार केला. "गॅस की टंकी का रेग्युलेटर घुमाते हैं. दरवाजे की कुंडी खोलते हैं. और... बच्चे का हाथ पकडते हैं."

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर सळयांच्या शेजारी एक रिकामा सिलेंडर आणि जुन्या दाराची कडी मांडली. सळयांच्या टेस्टमध्ये पहिला आलेला हातमोजा, बाहेरच्या देशातून आलेला, रेग्युलेटरवर साफ नापास! बोटं कापडातच गोल फिरत होती, बटण हलेना.

खेर सरांना पटेना. ते ती जोडी सुदामा नगरला घरी घेऊन गेले, स्वतःच्या स्वयंपाकघरात खात्री करायला. दुसऱ्या दिवशी उशिरा आले.

"काय झालं सर?"

"तुझं बरोबर आहे, रेग्युलेटर फिरत नाही," सर म्हणाले. "पण हिने मला हातमोजे घालून ओट्याशी उभं पाहिलं, आणि सगळी भांडी माझ्यासमोर ठेवली."

*

मग आलं कानांचं प्रकरण. हेल्मेटच्या आत डोकं, मान, कान झाकणारी कापडी टोपी घालायची असते. फक्त चेहरा उघडा. पण जुने फायरमन ती कानांवरून मागे सारतात असं मी ऐकलं होतं. का? गरम होतं म्हणून? ऐकू येत नाही म्हणून? मी यादवजींना विचारलं.

"मॅडम, कान हमारा थर्मामीटर है. पूरा बदन ढका हुआ है, तो पता कैसे चलेगा कि अंदर कितना गरम है? कान जलने लगे, मतलब वापस निकलो."

मला हे भलतंच इंटरेस्टिंग वाटलं. मी सरांना म्हटलं, आपण मोजून बघू. कान खरंच आधी सांगतो का? कदाचित टोपीत कानापाशी पातळ कापड ठेवायला हवं! मी अख्खी दोन पानी नोट लिहिली. बैठकीत वाचून दाखवली. माना डोलल्या. मी खूश!

मग खेर सर यादवजींना म्हणाले, "तुमचं मत?"

यादवजींनी डोक्यावरची लोकरी कानटोपी काढली. ते नेहमी टोपी घालायचे, आम्हाला वाटायचं थंडी वाजते. डाव्या कानाचा वरचा अर्धा भाग नव्हताच.

"टोपी पूरी पहनाओ," ते म्हणाले. "ये थर्मामीटर टूटने के बाद रीडिंग देता है."

*

एक छोटासाच. कोटाच्या पाठीवर चमकत्या अक्षरात नाव असावं असा मुद्दा होता. धुरात कोण कुठे आहे ते कळायला. मी एका फायर स्टेशनवर जाऊन लोकांना विचारलं, "आत्ता तुम्ही एकमेकांना कसे ओळखता?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. असा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. शेवटी एक जण म्हणाला, "खांसी से."

*

कोट ओला करायची सवय ही आमची मोठी डोकेदुखी होती. आगीत शिरायच्या आधी बरेच जण पाइपचं पाणी स्वतःवर मारून घेत. वाटायचं, पाण्याने बचाव होईल. खरं तर आतलं अस्तर भिजलं की तेच पाणी तापून त्याची वाफ होते आणि माणूस कोटाच्या आत भाजतो. मी लॅबमध्ये टेस्ट करून आलेख काढले. कोरड्या अस्तराची एक रेघ, ओल्या अस्तराची दुसरी. पोस्टर करून स्टेशनवर लावलं. कोणी ढुंकून बघेना!

एके दिवशी सकाळी यादवजी मला म्हणाले, "चलो." स्टेशनसमोर पोह्यांची गाडी होती. पाचसहा फायरमन तिथेच नाश्ता करत उभे. आपल्या इंदुरी पोह्यांचं तुम्हाला माहीतच आहे. खाली उकळतं पाणी, वर पोह्यांची परात, खाताना वरून शेव आणि जीरावन मसाला, आणि पोहे दुपारपर्यंत गरमच्या गरम.

यादवजींनी विचारलं, "भिया, ये पोहे को आग लग रही है क्या?"

"नहीं साब."

"फिर इतना गरम कैसे?"

"भाप से."

"और तुम कोट गीला करके अंदर जाते हो."

मग त्यांतला एक तरुण फायरमन, हातात प्लेट तशीच धरून, घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मतलब साब... हम पोहे हैं?"

"सेव-जीरावन के बगैर!" यादवजी म्हणाले.

पोस्टर मी काढून टाकलं.

*

रेखा नावाची फायर वुमन आमच्याकडे ट्रायलला आली. तिला आत्तापर्यंत मिळालेला कोट पुरुषांच्या मापाचा. बाह्या चार बोटं दुमडलेल्या, पँट बुटाखाली येणारी. शिडीवर चढताना ती एका हाताने पँट धरायची. मी विचारलं, "तू सांगितलं नाहीस कधी?"

"सांगितलं ना मॅडम. ते बोले, बडी हो जाओगी."

आमचे नमुने शिवायचे इकबालभाई. खजरान्यात दुकान, हात एकदम साफ. त्यांनी टेप गळ्यात घातला, रेखाला सरळ उभं केलं, खांदा-छाती-उंची घेतली. वहीत लिहिलं. मग एकदम थांबले.

"बेटा, तू आग में करती क्या है?"

"घुटनों पे चलते हैं चाचा. धुआं ऊपर रहता है ना."

"तो चल के दिखा."

रेखा आमच्या लॅबच्या फरशीवर गुडघ्यांवर, कोपरांवर रांगायला लागली. इकबालभाई साठीचे, पण तेही टेप घेऊन तिच्या मागोमाग रांगले! पाठ मोजली, ती सहा बोटं वाढली. बाही मोजली, मनगट उघडं पडत होतं. कोट कमरेवरून वर सरकून पाठीची पट्टी मोकळी पडत होती. खेर सर दारात येऊन उभे. त्यांना वाटलं कोणाचं काहीतरी हरवलंय. तेही वाकून शोधायला लागले.

इकबालभाई गुडघे झटकत उठले. पहिलं माप लिहिलेलं पान त्यांनी वहीतून फाडलं.

"हम लोग खडे आदमी का नाप ले रहे हैं साब," ते सरांना म्हणाले. "आग में खडा कौन रहता है?"

स्टँडर्डमध्ये आता रांगण्याच्या मापाचं वेगळं कलम आहे. त्याखाली इकबालभाईंचं नाव नाही, पण आम्ही लॅबमध्ये त्याला इकबाल-कलमच म्हणतो. आणि रेखा आता शिडी दोन्ही हातांनी चढते.

*

नव्या कोटांची पहिली खेप ट्रायलसाठी स्टेशनवर गेली आणि आठवड्याभरात त्यातला एक परत आला. तक्रार, "छातीवर पटकन जाळ पकडतो." आम्ही हादरलो. तेच कापड, तेच अस्तर, आमच्याकडे पास झालेलं! मी छातीवरचा तुकडा कापून ज्योतीखाली धरला. भस्सकन पेटला. पाठीचा तुकडा धरला. काही नाही! दोन दिवस मला झोप लागेना. एकाच कोटाची छाती आणि पाठ वेगळी कशी?

शेवटी मी छातीचा उरलेला तुकडा नाकाशी नेला. साजूक तूप!

चौकशी केली. नवीन कोट आला म्हणून त्या भल्या माणसाने तो आधी खजराना गणपतीच्या पायाशी नेला होता. ते ठीकच. घरी आल्यावर मात्र आईने शेंदूर तुपात कालवून छातीवर चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं होतं. धुतल्यावर शेंदूर गेला, तूप राहिलं.

आता हे लिहायचं कसं? खेर सरांनी कलम केलं, "कोटावर कोणताही तेलकट वा तुपकट पदार्थ लागू देऊ नये." बाहेरगावाहून आलेल्या एका सभासदाने ते वाचून विचारलं, "आगीवर जाण्याआधी फायरमनच्या कोटाला असं काय लागणार आहे?"

सर गंभीरपणे म्हणाले, "भक्ती."

*

कोटाच्या मानेमागे आता एक मजबूत पट्टा असतो. आत लपवलेला, खेचला की बाहेर येणारा आणि दोन्ही काखांखालून गेलेला. आत कोणी पडला तर साथीदाराने त्याला त्या पट्ट्याने ओढून बाहेर काढायचं. तो स्टँडर्डमध्ये कसा आला ते सांगते.

आधी तो वगळायचंच ठरत होतं. कोट बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस म्हणाला, "पट्टा कुठेतरी अडकेल. आणि असा प्रसंग किती वेळा येतो? आकडा द्या ना."

आकडा कोणाकडेच नव्हता. मी कागद चाळले. यादवजींनी टोपी खाली ओढली. खेर सरांनी पेनाचं टोपण काढलं, म्हणजे आता कलम खोडणार.

समितीत शिंदेकाका म्हणून एक सभासद होते. जुने फायरमन, यादवजींचे एकेकाळचे साथीदार. वर्षभरात ते बैठकीत दोनच गोष्टी बोलले होते, "नमस्कार" आणि "माझा बिनसाखरेचा." त्या दिवशी ते उठले.

"सर, मी जरा झोपू का इथे?"

लोक हसले. जेवणानंतरची बैठक होती, हसणारच. काकांनी नमुन्यांच्या टेबलावरून एक जुन्या पद्धतीचा, टिचबटणांचा कोट घेतला. घातला. बटणं नीट लावली. आणि दोन टेबलांच्या मध्ये फरशीवर पालथे पडले, हात पुढे पसरून.

"मी बेहोश आहे," ते खालूनच म्हणाले. "आता मला त्या दारापर्यंत न्या. वाकून हं. वर धूर आहे."

कंपनीचा माणूस एका बाजूला बसला, यादवजी दुसऱ्या. दोघांनी एकेक बाही धरली. "एक, दो, तीन!" ओढलं. काका हातभर सरकले. पुन्हा ओढलं. टिच, टिच, टिच! बटणं एकेक करून सुटली, बाह्या सर्रकन निघाल्या आणि दोघंही धाडकन मागे बसले. कोट दोघांच्या हातात. काका तिथेच फरशीवर, हात अजून पुढे पसरलेले.

हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसले. यादवजी मात्र नाही.

काका उठले नाहीत. गाल फरशीला टेकलेला, डोळे त्या कोटाकडे.

"हो," ते म्हणाले. "असंच झालं होतं. मी आणि यादवजी आमच्यातल्याच एकाला ओढत होतो. कोटच आला हातात."