स्क्रीन थांबेपर्यंत उभी राहा

मुरबाडच्या कॉलेजात आमचं प्रॅक्टिकल होतं. प्रोग्रामने गुण विचारायचे, शून्य ते शंभरमधलाच आकडा घ्यायचा, चुकीचं काही टाकलं तर पुन्हा विचारायचं. माझ्या शेजारी धसईच्या वरच्या वाडीतली मुलगी बसायची. तासभर चालून ती बस गाठायची. आदल्या आठवड्यात सरांनी तिची वही सगळ्यांना दाखवली होती. ते मला सलत होतं.

तिने एकशेपाच टाकून पाहिलं, वजा तीन टाकून पाहिलं. प्रोग्राम बरोबर पुन्हा विचारत होता.

"बघ ना गो, काय राहिलं नाय ना?"

राहिलं होतं. आकड्याऐवजी अक्षर टाकलं की ते आतच अडकतं, प्रोग्राम तेच पुन्हा पुन्हा वाचतो आणि थांबत नाही. आदल्या दिवशी माझाही असाच अडकला होता. मी म्हटलं, "काय नाय राहिलं. दाखव सरांना."

सरांनी एक अक्षर दाबलं. 'चुकीचा आकडा, परत टाका' या ओळी सरसर वर पळू लागल्या.

"थांबव," सर म्हणाले.

"थांबत नाय सर."

"थांबत नाय!" त्यांनी तिचाच सूर काढला. वर्ग हसला. मीही हसले, जरा मोठ्यानेच. "स्क्रीन थांबेपर्यंत उभी राहा. मग बस."

ती खरंच स्क्रीनकडे बघत उभी राहिली. कंट्रोल धरून सी दाबलं की प्रोग्राम बंद होतो, हे मला माहीत होतं. माझा हात कीबोर्डपासून वीतभर लांब होता. तास संपल्यावर शिपायाने मेन स्विच बंद केला, तेव्हा ती बसली. माझ्या प्रोग्रामला सरांनी त्याच तासात दहापैकी दहा दिले होते.

स्टँडवर ती म्हणाली, "तू कसं केलंस ते दाखवशील? मला समजून घ्यायचंय."

"आज टाइम नाय गो."

माझं घर स्टँडमागेच होतं. तिच्या बसला अजून पाऊण तास होता. मी घरी जाऊन चहा घेतला.

पुढच्या सोमवारी तिने अर्ज देऊन विषय बदलला. शेजारची खुर्ची रिकामी झाली, तिच्यावर मी दप्तर ठेवायला लागले. मला फार बरं वाटत होतं.