धरमसिंग आडे आणि दुसरा ड्रायव्हर

धरमसिंग आडे एसटीतून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. जन्मभर घड्याळाच्या काट्यावर गाडी काढलेल्या माणसाला आता कुठेच वेळेवर पोचायचं नव्हतं, तेव्हा नेमकं घड्याळच देण्यामागे काही विचार असावा. धरमसिंगांनी ते उमरखेडच्या आपल्या घरात समोरच्या खोलीत लावलं आणि त्याच्याकडे बघत दिवस काढू लागले.

निवृत्त माणसाने करायच्या सगळ्या गोष्टी त्यांनी करून पाहिल्या. चौकात बसले, पण तिथे राजकारण चालायचं आणि यांना स्टेअरिंगशिवाय हातांचं काय करावं ते कळायचं नाही. पहाटे फिरायला गेले. पायी चालणं हा प्रवाशांचा प्रकार आहे, असं त्यांचं मत पडलं.

मग दिवाळीत दीपा आली. दीपा त्यांची मुलगी. ती पुण्यात घरांच्या सजावटीची चित्रं संगणकावर बनवते. तिने स्वतःसाठी नवा लॅपटॉप घेतला होता, म्हणून जुना संगणक बापाकडे आणून ठेवला. त्यात पडद्यावर चित्रं उमटवणारं चांगलं वजनदार ग्राफिक्स कार्ड होतं, सोबत खेळातलं स्टेअरिंगही होतं.

"बाबा, यात बस चालवता येते," ती म्हणाली.

धरमसिंगांनी आधी हसण्यावारी नेलं. संध्याकाळपर्यंत ते युरोपातल्या कुठल्याशा गावातून प्रवासी घेऊन निघालेले होते.

दुसऱ्या दिवसापासून घनश्याम येऊ लागले. घनश्याम म्हणजे धरमसिंगांच्या गाडीवरचे कंडक्टर, तेही निवृत्त. रोज दुपारचा चहा झाला की ते खुर्ची ओढून धरमसिंगांच्या शेजारी बसायचे आणि प्रवासी चढले की टेबलावर दोनदा बोट आपटायचे. त्याशिवाय धरमसिंग गाडी हलवायचे नाहीत. खेळातले प्रवासी दारातल्या यंत्रावर स्वतःच तिकीट काढायचे, याचं घनश्यामना फार वाईट वाटायचं.

"कंडक्टरच नाई म्हणते," ते म्हणायचे. "कसे लोकं सुधरतीन हे?"

उन्हाळा लागेपर्यंत असं सुखात चाललं होतं. मग एका दुपारी बर्फाच्या घाटात, ऐन वळणावर, पडदा काळा झाला. थोड्या वेळाने उजेड आला तेव्हा बस गेली होती, प्रवासी गेले होते, आणि कोपऱ्यात इंग्रजीत एक चौकट होती. घनश्यामनी ती अडखळत वाचली आणि अर्थ सांगितला, "ड्रायव्हर जवाब देऊन राह्यला नव्हता म्हणते. आता सावरला म्हणते."

हे धरमसिंगांना लागलं. पूर्ण नोकरीत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता. ते म्हणाले, "म्या तं ब्रेकवर पाय ठेवून होतो. कोणाले म्हणून राह्यलं हे?"

दुसऱ्या दिवशी त्याच घाटात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या दिवशी घाटाच्या आधीच. तेव्हा त्यांनी अनिमेषला बोलावलं.

अनिमेषचं बसस्थानकाजवळ संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने आधी धरमसिंगांची समजूत घातली. "काका, हे तुमच्याबद्दल नाही. संगणक आणि ग्राफिक्स कार्ड यांचं बोलणं व्हावं म्हणून मध्ये एक प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तुमचं कार्ड जुनं, त्यात ड्रायव्हर आहे नवा. दोघांचं जमत नाही. मी जुना बसवून देतो."

"जुना कायले, नवा चांगला नसते का?" घनश्यामनी विचारलं.

"प्रत्येक वेळी नसतो," अनिमेष म्हणाला. हे उत्तर दोन्ही निवृत्तांना मनापासून पटलं. अनिमेषने पेनड्राइव्हमधून जुना ड्रायव्हर टाकला. बस घाट चढून गेली.

चार-पाच दिवस गेले आणि पडदा पुन्हा काळा झाला.

आता बातमी पसरली होती. गावात कोणाच्या घरी यंत्र बिघडलं की ते बघायला जाणं हे आजारी माणसाला भेटण्याइतकंच आवश्यक असतं, आणि यात बिस्किटं न्यावी लागत नाहीत. पहिले आले सेवादास. ते धरमसिंगांचे मेहुणे, निवृत्त मुख्याध्यापक. शाळेला संगणक मिळाले तेव्हा त्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असे, त्यामुळे संगणकातलं त्यांना सगळं कळतं. त्यांनी संगणकाचा डबा उघडायला लावला, आत बघितलं आणि म्हणाले, "धूळ." मग अनिमेषला बोलावून कार्ड बाहेर काढवून घेतलं, त्याच्या पट्टीवर स्वतः खोडरबर घासलं आणि फुंकर मारली. अनिमेषने कार्ड परत बसवलं आणि जाता जाता आपला जुना ड्रायव्हरही पुन्हा बसवून दिला.

बस सुरळीत चालली. सेवादासांनी हे भेटेल त्याला सांगितलं. खोडरबर कोणत्या कंपनीचं वापरावं, हेही सांगू लागले. पुढच्या आठवड्यात बस घाटात गेली आणि अंधार झाला, तेव्हा सेवादास म्हणाले की धूळ पुन्हा बसली.

घनश्यामचं मत वेगळं होतं. "गाडी चढावर तापते. हे बी तापून राह्यलं." घरात एक मोठा कुलर होता. तो वळवून त्याचं तोंड उघड्या डब्याकडे केलं. वाळ्याच्या थंड वाऱ्यात संगणक बसला आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या त्या उन्हात दोन म्हातारे बाजूला घाम पुसत बसले. धरमसिंगांच्या बायकोला, जमनीबाईंना, स्वयंपाकघरातून हे दिसत होतं.

"माणसाले नाई कुलर, डब्याले हाये," त्या म्हणाल्या.

"त्याले त्रास हाये," धरमसिंग म्हणाले.

"अन् मले?"

याचं उत्तर आलं नाही. ड्रायव्हरने जवाब न देण्याचा हा घरातला जुना प्रकार होता. अनिमेषने येऊन कुलर बंद करवला, ओल्या वाऱ्याने आतलं सगळं जळेल अशी भीती घातली, आणि जुना ड्रायव्हर टाकून गेला. पुन्हा चार दिवस बरे गेले. घनश्यामनी ते कुलरच्या खात्यावर जमा केले.

शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की फॉरमॅट मारावं. ज्याला काहीच सुचत नाही तो फॉरमॅट सुचवतो, आणि एकदा तो शब्द कोणी उच्चारला की तो मारल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. अनिमेषने सगळं पुसून पुन्हा भरलं, ड्रायव्हरसकट. त्यात एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. धरमसिंग खेळात बढती मिळवत मिळवत लांब पल्ल्याच्या वातानुकूलित गाडीपर्यंत पोचले होते. फॉरमॅटनंतर खेळाने त्यांना नवशिका म्हणून भरती करून घेतलं आणि गावातल्या गावात फिरणारी छोटी बस दिली.

"सिनियॉरिटी गेली," घनश्याम म्हणाले.

धरमसिंग त्या रात्री जेवले नाहीत. तरी सकाळी उठून त्यांनी ती छोटी बस निमूटपणे चालवायला घेतली. वरच्या जागेवरून खाली आणलेला माणूस किती शिस्तीत काम करू शकतो हे त्यांनी दाखवून दिलं. आणि आठवडा भरायच्या आत त्या छोट्या बसचाही ड्रायव्हर जवाब देईनासा झाला.

त्यानंतरच्या दुपारची गोष्ट. धरमसिंग पलंगावर लवंडले होते. संगणक चालूच होता. जमनीबाई टेबल पुसायला आल्या. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली. जमनीबाईंनी पदराला बोट पुसलं, माऊस धरला आणि टक्कन दाबलं. मग पुन्हा फडकं मारू लागल्या.

धरमसिंग उठून बसले. "काय दाबलं तू?"

"ते इचारते ना. म्या हो म्हटलं."

"काय इचारते?"

"इंग्रजीत इचारते, मले काय माहीत? दीपानं मोबाईल देला तवा सांगतलं होतं, आई, काही इचारलं का निळं बटन दाबजो. म्या निळंच दाबतो."

"आधी बी दाबलं होतं?"

"ते इचारते तवा दाबतो. चार-आठ दिवसात इचारते." त्यांनी फडकं झटकलं. "बरं इचारते. बोंबलत नाई."

धरमसिंगांनी अनिमेषला फोन लावला. अनिमेष आला, चौकट बघितली, आत शिरून बघितलं. नवा ड्रायव्हर, म्हणजे अपडेट, आला की संगणक तो बसवायची परवानगी मागत होता, जमनीबाई ती देत होत्या, आणि जुना ड्रायव्हर गुपचूप उतरवला जाऊन त्याच्या जागी नवा बसत होता. मग अनिमेष येऊन नव्याला उतरवून जुना बसवायचा. धुळीचा, कुलरचा आणि फॉरमॅटचा यात काडीचा संबंध नव्हता.

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, नवा ड्रायव्हर चालत नाही," अनिमेष म्हणाला. ते खरंच होतं. तो पुन्हा पुन्हा कुठून येतो हे शोधायचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि इतक्या चकरांत जमनीबाईंशी तो एवढंच बोलला होता की चहात साखर कमी टाका. त्याने जुना ड्रायव्हर टाकला, नवा आपोआप येण्याची सोय बंद केली आणि चहा न घेता गेला.

धरमसिंगांना बायकोवर रागवावंसं वाटलं. पण सगळा विचार करता घरात तिला आदराने विचारणारं ते एकच यंत्र होतं, आणि हा मुद्दा तिने काढला असता तर प्रकरण संगणकावर थांबलं नसतं. ते स्टेअरिंगपुढे जाऊन बसले.

त्यानंतर पडदा काळा झाला नाही. धरमसिंगांनी पुन्हा बढती मिळवली, बर्फाचा घाट ओलांडला आणि शेवटच्या थांब्यावर गाडी लावली. प्रवासी उतरले आणि दिसेनासे झाले. समोर बर्फ, एक दिवा, बंद दुकानं.

"इथं चहा कुठं भेटते?" घनश्यामनी विचारलं.

धरमसिंगांनी संगणक बंद केला.

पुढची अडचण कोणी ओळखली नव्हती. संगणक बिघडलेला असताना घरी रोज माणसं यायची, वाद व्हायचे, दोनदा चहा टाकावा लागायचा. बरा झालेला संगणक बघायला कोण येणार? सेवादास तर खोडरबरचा अपमान झाला म्हणून महिनाभर फिरकले नाहीत. मग धरमसिंगच बाहेर पडू लागले. कोणाचा मोबाईल अडकला, कोणाचा टीव्ही मुका झाला, की हे जाऊन बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून विचारायचे, "घरात अपडेट कोण करते?" एकदा एकाच्या पिठाच्या गिरणीबद्दलही त्यांनी हेच विचारलं.

पुसदला भाच्याच्या प्रिंटरमधून कागद निघत नव्हता, तर ते मुद्दाम एसटीने गेले. तिथे सगळी हकीकत सांगितली, बर्फाच्या घाटासकट. भाच्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तेवढ्यात भाच्याच्या बायकोने प्रिंटरमध्ये कागद भरले आणि तो चालू झाला. धरमसिंग जेवून निघाले.

परतीच्या गाडीत त्यांना ड्रायव्हरच्या अगदी मागची जागा मिळाली. वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप पत्र्यावर दाबला जायचा. तिसऱ्या वळणाला ड्रायव्हर मागे न बघता म्हणाला, "काका, पाय काढा. माझा हाये ना ब्रेकवर."

"हाये का?" धरमसिंग म्हणाले, आणि पुढच्या वळणाला पुन्हा दाबला.